मिस्त्रींच्या गाडीचे डावे दार

गेले चार महिने आमच्याविषयी एक कुजबुज चालू आहे. तिचा खुलासा करणे आता आम्हांस भाग आहे. शनिवारी दुपारचे जेवण आटोपले की फादर स्कूटर काढतात, उचगावच्या रस्त्याला लागतात आणि दिवेलागणीस परततात. तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांवर वंगणाचे डाग आणि केसांत लाकडाचा भुसा असतो, ही गोष्ट प्रथम आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या ध्यानी आली. त्यांनी ती धुणेवाल्या बाईस सांगितली. पुढे काय झाले ते गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको. कोणी म्हणाले, फादर गुपचूप घर बांधीत आहेत. कोणी म्हणाले, त्यांनी जुन्या मोटारी घेण्याविकण्याचा धंदा आरंभला आहे. वस्तुतः आम्ही एका मोटारीचे एक दार बसवीत होतो. एका दारास चार महिने लागले, तेव्हा आमच्या कौशल्याचे मोल वाचकांनी आपल्या मनाशीच ठरवावे.

बेळगावहून हिंडलगा ओलांडून पश्चिमेस निघाले की भाताची खाचरे आणि रताळ्यांची शेते लागतात, आणि त्यांच्या मध्ये मळेकरणी देवस्थानामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले उचगाव येते. महाराष्ट्राची हद्द येथून फार लांब नाही. पाऊस मात्र हद्द न पाहता दोन्हीकडे सारखाच कोसळतो, आणि आमच्या ह्या कथेत त्याचाही हात आहे. गावाच्या एका टोकास आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री राहतात. ऐन उमेदीत त्यांनी बेळगावच्या छावणी भागात मोटारदुरुस्तीचे काम केले. १९७९ साली तेथील एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी भंगाराच्या भावात एक गाडी घेतली. दोन माणसांपुरती, छप्पर नसलेली, लांब नाकाची, सायकलीसारख्या तारांच्या चाकांची अशी ती गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी असते. गावची पोरे तिला ‘टांगा’ म्हणतात.

तिच्या नाकावर अष्टकोनात कोरलेली एम. जी. ही अक्षरे पाहून हल्लीच्या तरुणांस मौज वाटते; कारण ह्याच नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातेतील हालोल येथे तयार होऊन आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. ते नाव आज चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. मिस्त्रींची गाडी मात्र मूळ घराण्यातली. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथील विल्यम मॉरिस ह्यांची ती पेढी. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर ह्यांनी मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर निराळे अंग चढवून हलक्या व चपळ गाड्या करण्यास १९२० च्या दशकात आरंभ केला, आणि १९२९ साली कारखाना ॲबिंग्डन गावी गेला. महायुद्ध संपताच १९४५ साली तेथून ‘टी. सी.’ नावाची गाडी निघाली. १९४९ पर्यंत अशा सुमारे १० हजार गाड्या झाल्या. त्यांपैकी एक आमच्या उचगावी कोंबड्यांच्या सहवासात उभी आहे. ती गाडी रस्त्यावर आलेली पाहण्याचे भाग्य किंबर ह्यांस लाभले नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला होता.

ह्या गाडीची हाडे लोखंडाची नाहीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. खालचा सांगाडा पोलादी असतो खरा, पण त्यावर बसणारा देह लाकडी चौकटीचा. ती चौकट ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची असून तिच्यावर पातळ पत्रा गुंडाळून बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. ॲशचे लाकूड हलके, चिवट आणि धक्का सोसणारे. कुऱ्हाडीचे दांडे व होडीची वल्ही त्याचीच करीत. त्याचा एकच मोठा दोष, ओल त्यास सोसत नाही. इंग्लंडच्या भुरभुरत्या पावसात ते कुजते, मग आपल्या आषाढात त्याची काय कथा?

आणि दारे! सामान्यतः मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूस असतात; दार नीट लागले नसले तरी धावत्या गाडीचा वारा त्यास मिटलेलेच ठेवू पाहतो. ह्या गाडीच्या बिजागऱ्या मागच्या खांबावर आणि खटका पुढच्या खांबावर. म्हणजे दार पुढून उघडते. उतरण्याचढण्यास हे फार सोयीचे. पण चालत्या गाडीत खटका सुटला की वारा फटीत शिरतो आणि दार हिसडा देऊन सताड उघडतो. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ‘डुक्कर फियाट’ आठवत असेल. तिची पुढची दारे ह्याच जातीची होती. अशा दारांस अमेरिकेत जे नाव पडले त्याचा अर्थ ‘आत्मघाती दारे’ असा होतो. पारिवारिक पत्रात ते छापावे की नाही ह्याचा आम्ही थोडा विचार केला, पण नाव चुकीचे नाही.

१९८८ साली हेच घडले. मिस्त्री, त्यांच्या पत्नी आणि मांडीवर दोन वर्षांची कन्या असे तिघे बेळगावहून परतत होते. हिंडलग्यानजीकच्या वळणावर गाडी उजवीकडे वळताच डावे दार उघडले. मावशींनी (आम्ही त्यांस मावशी म्हणतो) एका हाताने लेकरू आवळले व दुसऱ्याने समोरची कड धरली. कोपर सोलवटून निघाले, पायातली एक वहाण रस्त्यावर गेली, आणि मूल वाचले. ते मूल आज पुण्यास परिचारिका आहे. गाडी थांबवून मिस्त्री जे पहिले वाक्य बोलले ते असे: “दार नीट ओढलं न्हवतंस तू.”

त्या दिवसापासून मावशी त्या गाडीत बसल्या नाहीत. भांडण म्हणावे असे काही झाले नाही. संसार चालला, मुले शिकली, लग्ने झाली. गाडीचे इंजिन मिस्त्रींनी ह्या काळात तीनदा खोलून बसविले. त्याचा आवाज आजही ऐकत राहावा असा आहे. दाराकडे मात्र ते वळले नाहीत. दारात दोष नव्हताच, दोष ओढणारीचा होता, असे एकदा ठरले म्हटल्यावर दार दुरुस्त तरी कशासाठी करावयाचे? त्यांनी खटक्यावर एक साखळी बसविली आणि विषय संपविला. तीही घराबाहेर जाताना लावतात तशी जाडजूड. ती पाहून हसू येई. मावशी हसत नसत.

ह्या वर्षी जूनमध्ये मिस्त्रींच्या डोळ्यांची तपासणी झाली. वाहन चालविण्यास फार तर दोनेक वर्षे मिळतील, असे त्यांस सांगण्यात आले. त्या संध्याकाळी आम्ही सहज गेलो असता ते म्हणाले, “फादर, नजर हाय तोवर एकदा हिला बेळगावास न्यायचं हाय. ती म्हणते, दार लागलं तर येते. तुम्ही जरा बघा की.”

आमच्याकडे का पाहिले? कारण सेमिनरीत असताना आम्ही तेथील जुन्या जीपखाली पुष्कळ वेळ घालविला होता, आणि ती बढाई मिस्त्रींस आम्हीच कधी तरी ऐकविली होती.

आता आमच्या अपराधाकडे येतो. दार लावून पाहिले. त्याचा पुढचा वरचा कोपरा पुढच्या खांबास घासत होता. खाली मात्र बोट जाईल एवढी फट. खटक्याची जीभ खांबावरील खाचेत निम्मीच शिरत होती. जेथे घासते तेथे थोडे काढून टाकावे, हा विचार आमच्या मनात ज्या वेगाने आला त्याच वेगाने आमच्या हाती कानस आली. दोन शनिवार आम्ही तो कोपरा कानशीत होतो. दुसऱ्या शनिवारी सायंकाळी पत्र्याची दुमडलेली कड उलगडली, आतले लाकूड दिसू लागले आणि दार लागेना ते लागेनाच. फक्त वरही आता बोटभर फट झाली. सेमिनरीत आम्ही कार्य आणि कारण ह्यांवर तीन तासांची परीक्षा दिली आहे, आणि तिच्यात आम्हांस चांगले गुण मिळाले होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फडक्याने कोपरा पुसला आणि आम्हांस चहा दिला. तो चहा आम्हांस गेला नाही.

पुढच्या शनिवारी मिस्त्रींनी गावातील सुतारमामांस बोलावून आणले होते. मामांनी आयुष्यात बैलगाड्या, नांगर, देवळांची व घरांची दारे केली. मोटारीस हात लावला नव्हता. त्यांनी दार उघडले, त्याचे टोक दोन बोटांवर उचलून धरले आणि वरखाली हलविले. दाराबरोबर मागचा खांबही हलला. आम्ही दोन शनिवार त्याच्यासमोर उकिडवे बसलो होतो. आम्हांस तो हलताना दिसला नव्हता.

“दाराला कशाला मारताय ओ फादर?” मामा म्हणाले. “दार सरळ हाय. खांबाचा पाय गेलाय.”

गोष्ट अशी की, दार हे मागच्या खांबावर लोंबकळणारे ओझे आहे. खांबाची खालची कूस घट्ट असेतो तो ताठ उभा राहतो. कूस कुजली की ओझे खांबाच्या माथ्यास पुढे ओढते. दाराचे टोक खाली येते, वरचा कोपरा पुढे सरकून घासतो आणि खाली फट पडते. खटक्याची जीभ आपल्या खाचेच्या खाली उतरते, म्हणून ती अर्धीच अडकते. उभ्या गाडीत तेवढे पुरते. वळणावर वा खड्ड्यात देह किंचित पिळवटला की अर्धी जीभ सटकते. घराच्या दाराचेही हेच, पण तेथे वर गणेशपट्टी असते, भिंत असते, म्हणून चौकट तग धरते. छप्पर नसलेल्या गाडीत सारा भार खालच्या पट्टीवर आणि खांबांच्या पायांवर. वर धरून ठेवणारे कोणीच नाही.

मामांनी पहिल्या दिवशी हत्यार काढलेच नाही. चाकांत हवा भरून घेतली, गाडी पडवीतून सपाट खळ्यावर आणविली आणि पारदर्शक नळीत पाणी भरून सांगाड्याची चारही टोके समपातळीत आहेत की नाहीत ते पाहिले. घराचे जोते पाहतात तसेच. डावी बाजू मधोमध थोडी बसली होती. देह आणि सांगाडा ह्यांच्यामध्ये बोल्टांच्या ठिकाणी पट्ट्या घातलेल्या असतात. तेथल्या दोन झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. “आधी हे, मग खांब, मग बिजागरी, मग खटका. दाराला हात सगळ्यांत शेवटी,” एवढे सांगून मामा विडी ओढावयास निघून गेले. आम्ही हा क्रम बरोबर उलटा चालविला होता.

मग खांब मोकळा करावयाचा होता. मागच्या पत्र्याची कड खांबाभोवती दुमडून खिळ्यांनी ठोकलेली. ती न फाटता सोडविण्यास दोन शनिवार गेले. आतली पुठ्ठ्याची झालर काढली, फळी उचलली आणि खांबाचा पाय दिसला. तो वरून अखंड होता. त्यावर हिरवा रंग होता. मामांनी पटाशीचे टोक टेकविले तसे ते लोण्यात शिरावे तसे आत गेले. हिरव्या रंगाखाली लांबी होती, चांगली इंचभर जाड. लांबीखाली लाकूड नव्हतेच, काळा चुरा होता. कोणी तरी कुजलेला पाय लांबीने भरून, घोटून, वर रंग देऊन मोकळा झाला होता.

मिस्त्री बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन उभे राहिले. आम्हांस प्रथम उमगले नाही. गाडी त्यांनी घेतली तेव्हा हिरवी होती. १९८२ साली त्यांनीच ती तांबडी केली आणि आतल्या बाजूचा जुना रंग तसाच राहू दिला. म्हणजे हा पाय त्यांच्या हाती गाडी येण्यापूर्वीच गेलेला होता. १९८८ साली हिंडलग्याच्या वळणावर तो ह्याच स्थितीत होता.

ते तुकडा घेऊन घराकडे गेले. आम्ही हात धुण्यास मागोमाग निघालो होतो, म्हणून पुढचे आमच्या दृष्टीस पडले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडीत होत्या. मिस्त्रींनी तो तुकडा सुपाच्या कडेवर ठेवला.

“हे आधीपासनंच कुजलेलं,” ते म्हणाले.

मावशींनी तुकडा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिले. “मी ओढलं होतं दार,” त्या म्हणाल्या. “दोनदा ओढलं होतं.”

“होय.”

“उचला ते. भुसा तांदळात पडूलालाय.”

पापांगीकार ऐकणे हा आमचा नित्याचा व्यवसाय आहे. पण हे ऐकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नव्हता. आम्ही विहिरीकडे वळलो आणि आवश्यकतेपेक्षा बराच अधिक वेळ हात धूत राहिलो.

नवा खांब कोणत्या लाकडाचा करावा ह्यावर खळ्यात वाद झाला. बाभूळ चिवट, गाडीच्या चाकास तीच लागते; पण ती जड, आणि खिळा धरताना फुटू शकते. ॲश मागविणे आमच्या ऐपतीबाहेरचे. अखेर मामांनी एका पाडलेल्या जुन्या घराचा सागवानी वासा आणला. साग ॲशइतका लवचीक नाही, परंतु ओलीस व वाळवीस दाद देत नाही, आणि अनेक दशके छपराखाली वाळलेला तुकडा आता आणखी वाकणार नाही की पिळणार नाही. उजव्या बाजूचा खांब शाबूत होता. त्याचे माप पुठ्ठ्यावर उतरवून, पुठ्ठा पालथा करून डाव्याचा आकार काढला. तरीही तो एका ठिकाणी दोन सूत चुकला. हातांनी बांधलेल्या ह्या गाड्यांच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. जे दार ज्या देहावर बसवून कारखान्याबाहेर पडले, ते त्याचेच. मामांनी खांब तीनदा काढून तीनदा रंधला. आम्ही कानस घेऊन जवळ गेलो की ते मोठ्याने खोकत.

आम्ही बिघडविलेल्या कोपऱ्याचे काम उद्यमबागेतील एका पत्रेकामगाराने केले. पत्र्याची बारीक पट्टी जोडून त्याने कड पुन्हा दुमडली. रंग दिल्यावरही तेथे उजेडात एक रेघ दिसते. ती आम्हांस दिसते, इतरांस दिसते की नाही ते आम्ही विचारले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी नवी पट्टी बोल्टांखाली घातली, खांब उभा झाला, दार टांगले. भोवती जाड पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून फट सर्वत्र सारखी पाहिली. आम्ही टाळी वाजविण्याच्या बेतात होतो, तोच मामा म्हणाले, “गाडीत माणूस कुठं बसलाय?” रिकाम्या गाडीत लागणारे दार भरल्या गाडीत लागेलच असे नाही, भाराने खालची पट्टी लवते. रताळ्यांची काढणी चालू होती. शेजारून दोन पोती आणून दोन्ही बैठकांवर ठेवली. दार अडले नाही, पण खटक्याची जीभ केसभर खाली आली. एका बोल्टाखाली आणखी एक पातळ पट्टी सरकविली. पोती तशीच ठेवून मिस्त्रींनी गाडी नांगरलेल्या शेताच्या कडेने दोन फेऱ्या हिंडविली, वळविली, खड्ड्यात घातली. परत आल्यावर सर्व बोल्ट अखेरचे आवळले. शेवटी त्यांनी पक्कड आणून ती साखळी तोडली.

दुसऱ्या शनिवारी मावशी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. बसल्या. दार स्वतः ओढले. ‘टक्’ असा एकच भरीव आवाज झाला. त्यांनी ते लागलेले दार पुन्हा एकदा ओढले. मिस्त्री समोर पाहत होते.

आम्ही स्कूटरवरून मागे होतो. लज्जास्पद असले तरी सांगतो, सबंध वाटेत आम्ही रस्ता पाहिला नाही. ते डावे दार पाहिले. ह्या गाडीच्या दाराची वरची कड कोपर टेकण्यासाठी खोल उतरलेली असते. मावशींचा हात त्या कडेवर होता, बोटे बाहेरच्या बाजूस घट्ट वळलेली. हिंडलग्याचे वळण आले. मिस्त्रींनी वेग इतका उतरविला की एक बैलगाडी आम्हां दोघांस मागे टाकून गेली. वळण सरले, हात हलला नाही. बेळगावच्या वेशीपर्यंत तो तेथेच होता.

परतीच्या वाटेवर त्याच वळणाशी आम्ही पुन्हा डोकावून पाहिले. तेव्हा त्या हातात कॅम्पातील बेकरीची पावांची पिशवी होती.